‘होय’ आणि ‘नाही’ यांचे गणित : सर्पदंशाची लस, तिची मात्रा आणि आपल्या पत्रकातील आकडे



वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकासोबत रुग्णसेवेचे पत्रक दिलेले असते. ही दोन्ही पत्रके आकड्यांचीच असली तरी त्या आकड्यांची जात एक नव्हे. जमाखर्चातील रक्कम थोडी कमी किंवा थोडी अधिक असू शकते. रुग्णसेवेतील पुष्कळशा नोंदींना असे कमीअधिक नसते. रुग्ण वाचला किंवा वाचला नाही. रक्त गोठले किंवा गोठले नाही. श्वास स्वतःचा स्वतः सुरू राहिला किंवा यंत्राची मदत घ्यावी लागली. ज्या ठिकाणी उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच मिळते, त्या उत्तरास जीवशास्त्रात ‘क्वांटल प्रतिसाद’ असे नाव आहे. या लेखापुरते आम्ही त्याला ‘होय-नाही प्रतिसाद’ म्हणू.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, औषधशास्त्राचे नव्हे. तरीही रुग्णालयाच्या प्रशासनात काम करताना हा विषय टाळता येत नाही. कारण औषधांच्या खरेदीपासून नातेवाइकांच्या शंकांपर्यंत अनेक गोष्टी याच हिशेबावर येऊन ठेपतात. तो समजावून सांगण्यासाठी आम्ही सर्पदंशाचे उदाहरण निवडले आहे. पावसाळा सुरू झाला की नागपूर जिल्ह्यातून, तसेच भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या धानपट्ट्यातून सर्पदंशाचे रुग्ण नागपूरच्या रुग्णालयांकडे येऊ लागतात. त्यांतील बहुसंख्य शेतकरी व शेतमजूर असतात. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सरासरी दरवर्षी सुमारे ५८,००० मृत्यू झाले, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासात मांडला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

रुग्णाचे नातेवाईक अशा वेळी जे प्रश्न विचारतात, ते अगदी रास्त असतात. साप चावला हे दिसते आहे, मग लगेच लस का देत नाही? सहा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाइतक्याच कुप्या कशासाठी? दहा कुप्या दिल्या, तरी आणखी दहा का आणायच्या? लस दिली आहे, तर रुग्ण अजून व्हेंटिलेटरवर का? विश्वस्त व देणगीदारांचा प्रश्न निराळा असतो : या उपचाराचा खरोखर किती उपयोग होतो, हे कशावरून ठरवायचे? या सर्व प्रश्नांची उत्तरे होय-नाहीच्या हिशेबात दडलेली आहेत.

एकाच्या उत्तरावरून काय कळते?

एखादे विष किती तीव्र आहे हे ठरवायचे, तर पूर्वी ‘किमान मारक मात्रा’ शोधण्याची पद्धत होती. म्हणजे ज्या सर्वांत कमी मात्रेने प्राणी मरतो, ती मात्रा. कल्पना सरळ वाटते. परंतु तिच्यात एक मोठी उणीव आहे. प्रत्येक प्राण्याची सहनशक्ती सारखी नसते. एका उंदराला जी मात्रा मारते, ती दुसऱ्यास पचते. त्यामुळे एका प्रयोगशाळेची किमान मात्रा दुसरीच्या किमान मात्रेशी जुळत नसे आणि औषधाची प्रत ठरवणे अवघड होई.

इंग्लंडमधील शास्त्रज्ञ जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी १९२७ साली या अडचणीतून मार्ग दाखविला. त्यांनी सांगितले की, एकेका प्राण्याची मर्यादा शोधू नका; गटाकडे पाहा. ज्या मात्रेने गटातील निम्मे प्राणी मरतात, ती मात्रा प्रमाण धरा. हीच पुढे ‘एलडी ५०’ म्हणजे अर्धमारक मात्रा म्हणून रूढ झाली. औषधाचा गुण मोजताना तिच्याच धर्तीवर ‘ईडी ५०’ ही अर्धगुणकारी मात्रा वापरतात : जिने निम्म्यांना अपेक्षित गुण येतो, ती मात्रा.

निम्मेच का, सगळे का नाहीत, असा प्रश्न येथे पडणे स्वाभाविक आहे. मात्रा वाढवत नेली आणि प्रत्येक मात्रेला ‘होय’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण आलेखावर मांडले, तर तिरक्या, लांबट ‘एस’ अक्षरासारखी वक्ररेषा मिळते. आरंभी ती जवळजवळ आडवी असते, मध्यावर झपाट्याने चढते आणि शेवटी पुन्हा आडवी होते. दोन्ही टोकांना मात्रा बरीच बदलली तरी प्रमाण फारसे बदलत नाही. म्हणून तेथील अचूक मात्रा शोधण्यास फार मोठी संख्या लागते. मध्यावर मात्र थोड्या बदलानेही उत्तरे ठळकपणे पालटतात. सबब थोडक्या निरीक्षणांतून सर्वांत भरवशाने कळणारा बिंदू हा मधला, निम्म्याचा असतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. प्रत्येकी ६ उंदरांचे पाच गट आहेत. सर्वांना सारखेच विष, पण लसीची मात्रा अनुक्रमे १०, २०, ४०, ८० व १६० मायक्रोलिटर अशी दुप्पट-दुप्पट दिली. वाचलेल्यांची संख्या अनुक्रमे ०, १, ३, ५ व ६ आली. येथे अर्धगुणकारी मात्रा ४० मायक्रोलिटर ठरते. लक्षात घ्या, कोणत्याही एका उंदराचे उत्तर आपल्याला काहीच सांगत नव्हते. २० मायक्रोलिटरवर वाचलेला एक उंदीर पाहून कोणी ‘एवढी लस पुरे’ म्हटले असते, तर ती शुद्ध फसगत ठरली असती. आणि ८० मायक्रोलिटरवर दगावलेला एक पाहून कोणी ‘लस निकामी आहे’ म्हटले असते, तर तेही तितकेच चूक. तीस उत्तरे एकत्र मांडली, तेव्हाच त्यांतून अर्थ निघाला.

प्रत्यक्षात आकडे इतके सुबक येत नाहीत. त्यासाठी अमेरिकी शास्त्रज्ञ चेस्टर ब्लिस यांनी १९३४ साली ‘प्रॉबिट’ ही पद्धत मांडली. ते कीटकनाशकांवर काम करीत. किती फवारणीने किती किडे मरतात, हा त्यांचा प्रश्न होता. टक्केवारीचे विशिष्ट एककांत रूपांतर केले आणि मात्रा लॉगरिदमच्या मापाने मांडली की ती वक्ररेषा सरळ होते, आणि सरळ रेषेवरून हवी ती मात्रा वाचता येते. या मापात ५० टक्के म्हणजे प्रॉबिट ५. साधारण १६ टक्के म्हणजे ४ आणि ८४ टक्के म्हणजे ६. डी. जे. फिनी यांनी १९४७ साली या विषयावर लिहिलेला ग्रंथ पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला गेला. या पद्धतीने केवळ मात्रा मिळत नाही. त्या मात्रेबाबत आपण कितपत निश्चित आहोत, याच्या खालच्या व वरच्या मर्यादाही मिळतात. हिशेबनिसाच्या दृष्टीने हा दुसरा भाग अधिक मोलाचा आहे.

कुपीवरील आकडा कोठून येतो?

आता मुंबईकडे वळू. परळ येथे १८९९ साली प्लेग संशोधन प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेली संस्था १९२५ पासून हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते. सर्पविषरोधक लसीचे उत्पादन व संशोधन यांत महाराष्ट्राचे नाव प्रामुख्याने या परंपरेशी जोडलेले आहे. ही लस तयार करण्यासाठी घोड्यांना विषाच्या अल्प मात्रा वाढत्या क्रमाने टोचतात. त्यांच्या रक्तात विषास निष्प्रभ करणारे घटक तयार होतात व ते रक्तद्रवातून वेगळे करून शुद्ध केले जातात. भारतातील लस बहुगुणी असते, म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर एकच कुपी चालते.

प्रत्येक खेप बाजारात जाण्यापूर्वी तिची शक्ती तपासली जाते. प्रमाणित मात्रेचे विष लसीच्या वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळून ते मिश्रण ३७ अंश सेल्सियसवर अर्धा तास ठेवतात, मग उंदरांच्या गटांना टोचतात आणि ठरावीक वेळेनंतर किती वाचले ते मोजतात. वर सांगितलेला होय-नाहीचा हिशेब येथे प्रत्यक्ष वापरला जातो. भारतीय औषधकोशानुसार लसीच्या १ मिलिलिटरने नागाचे व घोणशीचे किमान ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यारीचे व फुरशाचे किमान ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ केले पाहिजे. एक कुपी १० मिलिलिटरची. म्हणजे एका कुपीने घोणशीचे सुमारे ६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ होते.

या आकड्यावरून नातेवाइकांच्या एका प्रश्नाचे उत्तर मिळते. घोणस एका दंशात सरासरी सुमारे ६३ मिलिग्रॅम विष सोडते, असे मोजमापांवरून आढळले आहे. ६३ ला ६ ने भागले की साडेदहा येतात. आरंभी ८ ते १० कुप्या देण्याच्या प्रथेमागे हा साधा भागाकार आहे. मात्र सरासरी म्हणजे प्रत्येक दंश नव्हे. घोणशीच्या दंशातील विष ५ मिलिग्रॅमपासून १४७ मिलिग्रॅमपर्यंत असू शकते. १४७ मिलिग्रॅमसाठी साडेचोवीस कुप्या लागतील. म्हणूनच काहींना दहा कुप्या पुरतात आणि काहींना पुन्हा द्याव्या लागतात.

मुलांच्या बाबतीतही हेच तत्त्व आहे. अन्य औषधे रुग्णाच्या वजनावर ठरतात; कारण ती रुग्णाच्या शरीरासाठी असतात. सर्पविषरोधक लस विषासाठी असते. साप समोर मूल आहे की मोठा माणूस, हे पाहून विष मोजत नाही. मुलाच्या लहान देहात तेवढेच विष गेलेले असते. सबब त्यालाही कुप्या तेवढ्याच द्याव्या लागतात.

कुपीवरचा आकडा उंदरांवरून आलेला आहे, हे मात्र विसरून चालत नाही. शिवाय विषाची रचना प्रदेशागणिक बदलते. देशातील लसीसाठी लागणारे विष अनेक वर्षे प्रामुख्याने तमिळनाडूतील इरुला समाजाच्या, १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून आलेले आहे. एकाच जातीच्या सापाचे विष वेगवेगळ्या प्रांतांत वेगळे असते आणि त्यानुसार लसीचा गुणही कमीअधिक पडतो, असे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधनाने दाखविले आहे. म्हणून डॉक्टर कुप्यांच्या हिशेबावर विसंबून राहत नाहीत. ते रुग्णाकडे पाहून पुढचे पाऊल ठरवतात.

खाटेजवळची वीस मिनिटे

रुग्णाकडे पाहण्याची सर्वांत साधी चाचणी हीसुद्धा होय-नाहीचीच आहे. स्वच्छ, कोरड्या, नव्या काचेच्या नळीत रुग्णाचे थोडे रक्त घेऊन ती वीस मिनिटे मुळीच न हलवता ठेवतात. मग नळी तिरकी करतात. रक्त गोठले असेल तर ते जागचे हलत नाही. पातळ राहिले असेल तर वाहते. घोणस व फुरसे यांचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते, त्यामुळे न गोठलेले रक्त हा लस देण्याचा स्पष्ट संकेत ठरतो. नळी डिटर्जंटने धुतलेली असेल किंवा काचेऐवजी प्लॅस्टिकची असेल, तर उत्तर चुकते. म्हणून ही चाचणी चालू असताना ‘नुसती नळी ठेवून बसले आहेत’ असा समज कृपया करून घेऊ नये.

लस दिल्यानंतर ही चाचणी साधारणतः सहा तासांनी पुन्हा करतात. कारण रक्त गोठविणारे घटक पुन्हा तयार करण्यास यकृताला तेवढा वेळ लागतो. उत्तर पुन्हा ‘नाही’ आले, तर आणखी लस द्यावी लागते. उलट, साप चावला पण विषबाधेचे कोणतेही लक्षण नाही, अशा रुग्णास केवळ निरीक्षणाखाली ठेवतात. पुष्कळसे साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावूनही विष न सोडण्याची उदाहरणे घडतात. लस घोड्याच्या रक्तद्रवापासून बनलेली असल्याने तिची तीव्र ॲलर्जी होऊ शकते. ज्याला गरज नाही त्याला ती देणे, हा निष्कारण धोका आहे.

मज्जातंतूच्या पुड्या आणि मण्यार

घोणशीचा दंश रक्तावर दिसतो; मण्यारीचा मज्जातंतूंवर. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाच्या जागी वेदना व सूज जवळजवळ नसतात. पहाटे पापण्या जड होतात, गिळता येत नाही, पुढे श्वासाचे स्नायू थकतात. हे का घडते, हे समजण्यासाठी मज्जातंतू स्नायूशी कसा बोलतो ते पाहावे लागते. आणि तेथे होय-नाहीचा हिशेब पुन्हा भेटतो, या वेळी शरीराच्या आत.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील बर्नार्ड कॅट्झ आणि त्यांचे सहकारी यांनी १९५० च्या सुमारास बेडकाच्या स्नायूवर एक विलक्षण गोष्ट पाहिली. मज्जातंतू पूर्ण शांत असतानाही त्याच्या टोकापाशी स्नायूत अत्यंत सूक्ष्म, जवळजवळ एकाच आकाराचे विद्युत्-स्पंद अधूनमधून उमटत होते. कॅट्झ व होसे देल कास्तिलो यांनी १९५४ साली त्याचा अर्थ मांडला : मज्जातंतू आपला रासायनिक संदेश, म्हणजे ॲसिटिलकोलिन, सुटा सांडत नाही, तो बांधलेल्या पुड्यांनी देतो. एक पुडी, दोन पुड्या, तीन पुड्या; अर्धी पुडी कधीच नाही. या पुडीलाच ‘क्वांटम’ म्हणतात. कॅट्झ यांना १९७० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

पुड्या डोळ्यांनी मोजता येत नव्हत्या. मग सिद्ध कसे केले? कॅल्शियम कमी व मॅग्नेशियम अधिक ठेवले की सुटणाऱ्या पुड्यांची संख्या खूप घटते आणि कित्येक वेळा उद्दीपन देऊनही एकही पुडी सुटत नाही. या ‘नाही’ उत्तरांतच किल्ली होती. स्वतंत्रपणे, विरळ घडणाऱ्या घटनांना पॉइसाँचा नियम लागू पडतो. त्यानुसार सरासरी १ असेल तर १०० पैकी सुमारे ३७ वेळा शून्य येते. सरासरी २ असेल तर सुमारे १४ वेळा. सरासरी ३ असेल तर केवळ ५ वेळा. म्हणजे किती वेळा काहीच घडले नाही, एवढे प्रामाणिकपणे मोजले, तर सरासरी किती घडते ते सांगता येते.

बॉइड व मार्टिन यांनी १९५६ साली हे मांजराच्या स्नायूवर पडताळले. एका पुडीच्या स्पंदाचा सरासरी आकार ०.४ मिलिव्होल्ट होता, आणि उद्दीपनानंतर मिळणाऱ्या प्रतिसादाचा सरासरी आकार ०.९३३ मिलिव्होल्ट. भागाकार केला, तर एका उद्दीपनास सरासरी २.३३ पुड्या. या सरासरीवरून १९८ उद्दीपनांत सुमारे १९ वेळा शून्य उत्तर यावयास हवे होते. प्रत्यक्षात ते १८ वेळा आले. ताळेबंदाच्या दोन बाजू इतक्या जवळ आल्या की कोणत्याही लेखापरीक्षकाचे समाधान व्हावे.

निरोगी शरीरात गरजेपेक्षा पुष्कळ अधिक पुड्या सुटतात, म्हणून स्नायूचे उत्तर नेहमी ‘होय’ असते. स्नायूतंतूही अर्धवट उत्तर देत नाही. संदेश ठरावीक उंबरठ्यापलीकडे गेला तर तो आकुंचन पावतो, नाहीतर नाही. मण्यारीचे विष मज्जातंतूच्या टोकावर घाव घालते : पुड्यांचा साठा संपतो आणि टोकेच निकामी होतात. मग एकामागून एक तंतू ‘नाही’ म्हणू लागतात. नागाचे विष मुख्यतः पलीकडच्या बाजूस, स्नायूवरील ग्रहणस्थाने अडवून बसते. पुड्या येतात, पण घेणारे दार बंद असते. त्यामुळे नागदंशात निओस्टिग्मीनसारख्या औषधाचा उपयोग होऊ शकतो, मण्यारदंशात तो सहसा फारसा होत नाही.

व्हेंटिलेटरच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. लस रक्तात फिरणारे विष बांधते. मोडलेली मज्जातंतूची टोके ती पुन्हा उभारू शकत नाही. ती शरीराने स्वतः उभारावयाची असतात, आणि त्यास दिवस, क्वचित आठवडे लागतात. तोपर्यंत रुग्णाचा श्वास यंत्राने चालवावा लागतो. रुग्ण डोळे उघडत नसला तरी बहुधा त्याला ऐकू येत असते. ‘लस लागू पडली नाही’ असा अर्थ काढून रुग्णास घरी नेण्याचा विचार कोणी करू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे.

महाड येथील सत्तर रुग्ण

उंदीर आणि बेडूक झाले. माणसांवरील उपचाराची परीक्षा कशी होते? याचे उत्तम उदाहरण आपल्या राज्यातच आहे, आणि त्याचा एक धागा नागपूरशी जोडलेला आहे. येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातील महाड येथे विंचूदंशावर आयुष्यभर काम केले. लाल विंचवाचे विष मण्यारीच्या उलट वागते : ते मज्जातंतूंना आवरू देत नाही, संदेशांचा पूर लोटतो आणि हृदयावर असह्य ताण येतो. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध या स्थितीत गुणकारी आहे, हे त्यांनी १९८० च्या दशकात जगापुढे मांडले. २०२२ साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

पुढे प्रश्न आला की, प्राझोसिनच्या जोडीला विंचूविषरोधक लस दिल्याने अधिक लाभ होतो का. डॉ. हिम्मतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे, ३५-३५ अशी विभागणी केली. कोणास काय द्यायचे, हे डॉक्टरांच्या मर्जीवर ठेवले नाही. प्रश्न एकच ठेवला : दहा तासांनंतर लक्षणे पूर्ण गेली का, होय की नाही? दोन्ही उपचार मिळालेल्या गटात ३५ पैकी ३२ ‘होय’ आले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या गटात ३५ पैकी ८. हा अभ्यास २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला.

टक्केवारीत हे आकडे ९१ आणि २३ होतात. परंतु पस्तीस ही काही फार मोठी संख्या नव्हे. दुसरे पस्तीस रुग्ण असते तर आकडे थोडे हलले असते. हा संभाव्य हलाव गणिताने काढता येतो : पहिल्या गटाचे खरे प्रमाण साधारणतः ७८ ते ९७ टक्क्यांच्या दरम्यान असावे आणि दुसऱ्याचे १२ ते ३९ च्या दरम्यान. दोन्ही पल्ले एकमेकांस शिवतही नाहीत. म्हणूनच केवळ सत्तर रुग्णांवरूनही निष्कर्ष ठामपणे काढता आला. पल्ले एकमेकांवर चढले असते, तर तो इतक्या सहज काढता आला नसता.

पत्रकातील शून्य कसे वाचावे?

आता आपल्याच पत्रकाकडे येऊ. समजा, एखाद्या वर्षी एखाद्या रुग्णालयात सर्पदंशाचे ६० रुग्ण आले आणि एकही दगावला नाही. पत्रकात मृत्यूच्या रकान्यात शून्य लिहिले जाईल, आणि वाचणाऱ्याच्या मनात ‘येथे धोका नाही’ असा विचार येईल. मज्जातंतूच्या पुड्यांसाठी वापरलेला पॉइसाँचा नियम येथे सावध करतो. सरासरी ३ अपेक्षित असतानाही १०० पैकी ५ वेळा शून्य येऊ शकते, हे आपण वर पाहिले. साठांत तीन म्हणजे ५ टक्के. अर्थात, ६० रुग्णांत शून्य मृत्यू असले तरी खरा धोका ५ टक्क्यांपर्यंत असण्याची शक्यता पूर्णपणे फेटाळता येत नाही. संख्याशास्त्रात यास ‘तीनचा नियम’ म्हणतात : एकही दुर्घटना घडली नसेल तर तीनला एकूण संख्येने भागावे; धोक्याची वरची मर्यादा मिळते. सहाशे रुग्णांत शून्य आले, तर ती मर्यादा अर्ध्या टक्क्यावर येते. शून्याची किंमत त्याच्या खालच्या छेदावर अवलंबून असते.

मांत्रिकाचा लौकिक याच हिशेबाने उलगडतो. त्याच्याकडे नेलेल्यांपैकी अनेकांना बिनविषारी साप चावलेला असतो, किंवा दंश कोरडा असतो. ते उपचाराशिवायही वाचले असतेच. पण श्रेय मंत्राला मिळते. वाचलेले गावभर सांगतात; न वाचलेल्यांची मोजदाद कोणी ठेवत नाही. छेद नाही, तुलनेचा गट नाही, आणि ‘नाही’ उत्तरे खतावणीत चढलेलीच नाहीत. अशा खात्यास आम्ही लेखापरीक्षणात एक दिवसही मान्यता दिली नसती.

हाच नियम आम्ही स्वतःसही लावला पाहिजे. एक अत्यवस्थ रुग्ण बरा होऊन घरी गेला, तर त्याचा आनंद सर्वांनाच होतो. परंतु तेवढ्यावरून उपचाराची थोरवी सांगणे योग्य नाही. तसेच सर्व प्रयत्न करूनही एक रुग्ण गेला, तर त्याच्या घरच्यांचे दुःख कोणत्याही टक्केवारीने हलके होत नाही. तथापि त्यावरून उपचार व्यर्थ ठरत नाही. आठ आणि बत्तीस हे दोन्ही आकडे छापले गेले, म्हणून महाडच्या कामातून जगास काही शिकता आले.

देणगीदारांस व विश्वस्तांस आमची विनंती अशी की, रुग्णसेवेचे पत्रक वाचताना टक्केवारीसोबत एकूण संख्या अवश्य विचारावी. किती जण आले, किती उशिरा आले, किती जणांस लस लागली, किती जणांस यंत्र लागले आणि किती जण दुसऱ्या रुग्णालयात पाठविले गेले, या सर्व नोंदी असल्या तरच ‘इतके बरे झाले’ या वाक्यास अर्थ येतो. नोंदवहीवर होणारा खर्च औषधांवरील खर्चाइतका डोळ्यांत भरत नाही. पण कुप्यांचा साठा किती ठेवावा आणि व्हेंटिलेटर किती लागतील, हे त्या वहीवरूनच ठरते.

रुग्णांच्या आप्तांस एवढेच सांगणे आहे की, दंशाची जागा कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. रुग्णास धीर द्यावा, हातपाय हलवू देऊ नयेत आणि वाटेत कोठेही न थांबता लस उपलब्ध असलेल्या जवळच्या रुग्णालयात आणावे. दंश केव्हा झाला ती वेळ, रुग्ण जमिनीवर झोपला होता का, पापण्या केव्हा जड झाल्या, ही माहिती डॉक्टरांस द्यावी. तिच्यावरून त्या रुग्णाच्या उपचाराची दिशा लवकर ठरते. आणि ती नोंदवहीत उतरली की पुढच्या पावसाळ्यात येणाऱ्या अनोळखी रुग्णाच्याही उपयोगी पडते.



— रुग्णालय प्रशासन, नागपूर